सत्तर मुलं, चौदा हजार

वाचकाचं पत्र, थोडक्यात: बेळगावातल्या शहापूरच्या एक वाचक भगिनी लिहितात, "वय ३२, बी. ए. झालंय. शाळा-कॉलेजात असताना जिम्नॅस्टिक्समध्ये राज्य पातळीपर्यंत खेळले. ज्या व्यायामशाळेत शिकले तिथेच नऊ वर्षं लहान मुलांना शिकवते. महिन्याला १४ हजार मिळतात. शिवाय एका इंग्रजी शाळेत आठवड्यातून दोन दिवस जाते, त्याचे चार हजार. माझ्याकडे सत्तर मुलं आहेत, फी ९०० रुपये. दोन वर्षांपूर्वी एक तरुण कोच आला, पटियाळ्याचा सहा आठवड्यांचा कोर्स केलेला. तो स्पर्धेच्या पंधरा-सोळा मुलांना शिकवतो, त्याला १८ हजार. व्यायामशाळेच्या कमिटीकडे पगारवाढ आणि बढती मागितली तर 'तो सर्टिफिकेटवाला आहे, आणि तुझं काय, तू घरचीच की' असं उत्तर आलं. सरांनी मला एक पैसा न घेता घडवलं. आता ते थकलेत, त्यांच्यासमोर पैशाचा विषय काढायला जीभ रेटत नाही. पुण्याच्या एका खासगी अकादमीने ३२ हजार देऊ केलेत, महिनाअखेर उत्तर हवंय. मिस्टर उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहेत, मुलगी पहिलीत. पुण्याला जावं, की हे सगळं सोडून बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करून शाळेत नोकरी बघावी? नुसत्या कोलांट्या शिकवणाऱ्या बाईला याहून जास्त कोण देणार, असंही वाटतं."

ताई, आधी हिशेब मांडू. सरांचा विषय नंतर घेऊ, कारण तो अवघड आहे आणि हिशेब सोपा आहे.

सत्तर मुलांचे नऊशेप्रमाणे महिन्याला ६३ हजार होतात. त्यातले १४ हजार तुमच्या हातात, म्हणजे रुपयातले बावीस पैसे. उरलेले पैसे कमिटी खाते असं मी म्हणत नाही. हॉलचं भाडं किंवा घरपट्टी असते, लाईट बिल असतं, मॅटचा फोम दोन-तीन पावसाळ्यांत बसतो. त्यात जिम्नॅस्टिक्स हा साहित्याच्या बाबतीत महागडा खेळ. मुलींना चार उपकरणं, मुलग्यांना सहा, आणि नियमाप्रमाणे फ्लोअर, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींचा चौक, घालायचा तर १२ मीटर बाय १२ मीटरची मोकळी जागा. पण तुमच्याकडची ही उपकरणं वापरतं कोण? स्पर्धेची पंधरा-सोळा मुलं. त्यांच्या फीमधून त्यांच्या कोचचा पगारही निघत नसणार, कारण पंधरा-सोळा गुणिले नऊशे म्हणजे १४ हजारांच्या आसपास, आणि त्यातही दोन-चार गरीब पोरांना फी माफ असतेच. त्यांची उपकरणं, त्यांचा बेंगळुरूचा प्रवास, त्यांच्या कोचचा पगार, हे सगळं तुमच्या सत्तर पोरांच्या नऊशे-नऊशे रुपयांतून चालतं. असंच असावं, त्यात वाईट काही नाही. जगभरचे क्लब असेच चालतात. वाईट इतकंच की ज्या बॅचवर संस्था उभी आहे ती बॅच चालवणारी बाई स्वतःला 'नुसती' म्हणवून घेते आणि कमिटीही तेच धरून चालते.

या 'नुसत्या कोलांट्यां'बद्दल थोडं बोलायला हवं. सहा वर्षांचं पोर पहिल्यांदा कोलांटी मारतं तेव्हा ते डोकं टेकवून पुढे ढकलतं. सगळं वजन मानेवर येतं. तुमचा एक हात मानेच्या मागे जातो, दुसरा मांडीला लागतो, तोंडाने 'हनुवटी छातीला, पाठ गोल' चालू असतं, आणि त्याच वेळी डोळे मागच्या रांगेत कार्टव्हीलला (हातांवर चाकासारखं बाजूला फिरताना) हात आखडणाऱ्या पोरीकडे असतात. हे काम सहा आठवड्यांच्या कोर्समध्ये येत नाही. इथे चुकीची बसलेली सवय पुढे बाराव्या वर्षी सुटत नाही, आणि स्पर्धेचा कोच मग ती मोडण्यातच दोन वर्षं घालवतो.

दीपा कर्माकरचं नाव तुम्हाला सांगायला नको. रिओ ऑलिंपिकला २०१६ मध्ये व्हॉल्टच्या, म्हणजे टेबलावरून मारायच्या उडीच्या, फायनलमध्ये चौथी आली, ब्राँझ ०.१५० गुणांनी गेलं. तिचे कोच बिश्वेश्वर नंदी, त्याच वर्षी त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. पण आगरतळ्यात वयाच्या सहाव्या वर्षापासून तिला घडवणाऱ्यांत सोमा नंदी हेही एक नाव आहे. दीपाचे तळवे सपाट होते. जिम्नॅस्टिक्समध्ये ही मोठी अडचण, कारण उडीची उसळी आणि उतरतानाचा तोल दोन्ही पावलावर असतं. असल्या गोष्टींवर लहानपणीच मेहनत घ्यावी लागते. ते काम कोणत्या फोटोत येत नाही. सोमा नंदी हे नाव आपल्याकडे कितीजणांना ठाऊक आहे?

आता मुद्द्यावर येते. तुम्ही पगारवाढ आणि बढती मागताय. तुमच्या तीन पानी पत्रात मला नेमणुकीच्या पत्राचा उल्लेख कुठेच दिसला नाही. कामाचे तास कुठे लिहिलेले नाहीत, तुमच्या कामाला नाव नाही, दरवर्षी किती वाढ हे ठरलेलं नाही. शिकता शिकता तुम्ही धाकट्यांना सांभाळायला लागलात, मग सरांनी महिन्याचं काहीतरी द्यायला सुरुवात केली, आणि त्याची १४ हजारांपर्यंत आपोआप वाढ झाली. संस्थेच्या दप्तरात तुमचं पदच नाही. जे पद नाही त्याची बढती कोण आणि कशावरून देणार? त्या तरुण कोचचं तसं नाही. तो बाहेरून आला, म्हणून त्याला विचारावं लागलं, 'किती घेणार?' तुम्हाला कधीच कुणी विचारलं नाही. चार हजारांच्या फरकाचं मोठं कारण मला हे दिसतं, सर्टिफिकेट त्यानंतर.

म्हणून पुणे की बेळगाव हे ठरवण्याआधी तुमचं काम कागदावर आणा. एक साधं पत्र, मराठीत चालेल. नऊ वर्षांत तुमच्याकडून स्पर्धेच्या बॅचमध्ये गेलेल्या मुलांची नावं आणि वर्षं. आठवड्याचे तास. गेल्या तीन वर्षांची पटसंख्या. जूनमध्ये किती मुलं येतात आणि दिवाळीनंतर किती टिकतात, हे हजेरीच्या वहीतून काढा. टिकणाऱ्या मुलांचा आकडा हा तुमच्या शिकवण्याचा पुरावा आहे. मग मागण्या, पण मोजक्या. कामाला नाव द्या, 'पायाभूत विभाग प्रमुख' किंवा तसं काही. मानधन विभागाच्या फीच्या ३५ टक्के करा. आजच्या आकड्यांवर ते २२ हजारांच्या आसपास जातं. मुलं वाढली तर वाढेल, कमी झाली तर कमी होईल, म्हणजे कमिटीलाही त्यात धोका नाही. मला विचाराल तर ३० टक्क्यांखाली येऊ नका, तिथेच १८,९०० होतात. आणि सहा आठवड्यांच्या कोर्सला जायला पगारी रजा व फीचा काही भाग मागा. पैसे देणार नाहीत असं वाटलं तर रजेवर ठाम राहा. तुमची संस्था नोंदणीकृत सोसायटी असेल तर कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० प्रमाणे वार्षिक सभा आणि तपासलेले हिशेब आलेच. तुम्ही सभासद असाल तर जमाखर्च बघायला मागू शकता. भांडायला नव्हे, आकडे जुळवायला.

सर. तुम्ही लिहिलंय की त्यांनी एक पैसा घेतला नाही. त्यांचं ऋण तुमच्यावर आहे, ते कुणी नाकारत नाही. पण ते ऋण तुम्ही कमिटीला फेडताय, दर महिन्याला, सरांना नव्हे. आपल्या भागातल्या व्यायामशाळा आणि आखाडे अशाच पदरमोड करणाऱ्या माणसांनी उभे केले. वस्तादाने घरचं दूध पोरांना पाजलं, फी हा शब्द काढला नाही. पण त्यातल्या बऱ्याच जणांची नोकरी दुसरीकडे होती, कुणाची शाळेत, कुणाची मिलमध्ये, कुणाची घरची शेती. संध्याकाळची सेवा त्या पगारावर उभी होती. तुमचा दुसरा पगार कुठे आहे? आणि संस्था आता फी घेते, तेव्हा सेवेचा नियम एकट्या तुम्हालाच का?

कमिटीकडे जाण्याआधी पत्र सरांना दाखवा. घरी जा, एकट्या जा, कमिटीतलं कुणी नसताना. 'सर, मला इथेच राहायचंय, म्हणून हे लिहिलंय' असं सांगा आणि कागद त्यांच्या हातात द्या. पुण्याचंही सांगून टाका. त्यांना बाहेरून कळलं तर ते लागेल त्यांना, पैसे मागितल्याचं लागणार नाही. माझा अंदाज असा की आपल्यानंतर ही व्यायामशाळा कोण बघणार हा प्रश्न त्यांना तुमच्यापेक्षा जास्त छळत असेल. अंदाज चुकला आणि ते रागावले, तरी तुम्ही पाठीमागून काही केलं नाही एवढं तरी राहील.

आता सर्टिफिकेट. पटियाळ्याची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून कोच तयार करते. तिथे दोन गोष्टी आहेत आणि पालकच काय, कमिट्याही त्यांची गल्लत करतात. सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स वेगळा आणि वर्षभराचा कोचिंग डिप्लोमा वेगळा. तुमच्या सहकाऱ्याकडे पहिला आहे. तो तुम्हीही करू शकता, आणि मुलीची सुट्टी, तिची आजी, मिस्टरांची ड्युटी यांचं गणित जमवून एकदाच काय ते करून टाका. व्यायामशाळेतला तो वाद तिथे संपतो. पण सरकारी जागांसाठी सहसा डिप्लोमा मागतात. भारतीय क्रीडा प्राधिकरण म्हणजे साईने २०२१ मध्ये वेगवेगळ्या खेळांच्या सहायक प्रशिक्षकांची जाहिरात काढली तेव्हा वेतन ४१,४२० ते १,१२,४०० होतं. आकडा बघून हुरळू नका. नेमणूक करारावरची होती, बदली देशात कुठेही, आणि अर्ज करणाऱ्यांत आंतरराष्ट्रीय खेळाडूही असतात. मुलगी चौथी-पाचवीत जाईपर्यंत वर्षभर पटियाळ्याला राहणं तुम्हाला जमेल असं मला वाटत नाही, आणि ते आज ठरवायची गरजही नाही.

त्याआधी पंच व्हा. हे कुणी सुचवत नाही. जिम्नॅस्टिक्सची गुणांकनाची नियमावली दर ऑलिंपिकनंतर बदलते, सध्या २०२५ ते २०२८ ची चालू आहे. नियमावली पाठ असलेला कोच आपल्याकडे दुर्मीळ. राज्य संघटना पंचांची परीक्षा घेते तेव्हा बसा. मानधन फार मिळतं म्हणून नव्हे. पंच म्हणून चार जिल्ह्यांत तुमचं तोंड ओळखीचं झालं की शाळा तुम्हाला शोधत येतील, आणि स्पर्धेच्या बॅचबद्दल तुमच्या मताला व्यायामशाळेतही वजन येईल.

पुण्याचं. ३२ हजार आणि तुमचे आजचे १८ हजार (व्यायामशाळेचे १४, शाळेचे चार) यांच्यात १४ हजारांचा फरक आहे, आणि पुण्यात लहानसा फ्लॅटसुद्धा तेवढं भाडं सहज घेतो. मिस्टरांना पिंपरी-चिंचवड किंवा चाकणकडे काम मिळेल, त्यांच्या हातातल्या कामाला तिकडे मागणी आहे. पण ते मिळेपर्यंत घर तुमच्या एकटीच्या पगारावर. अकादमीला चार प्रश्न लेखी विचारा: दिवसाचे तास किती आणि दोन शिफ्टच्या मधे घरी जाता येतं का, पीएफ आहे का (वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर तो द्यावाच लागतो), मूल पडून जखमी झालं तर जबाबदारी कुणाची, आणि बाँड आहे का. बाँडमध्ये 'सोडल्यावर पुण्यात शिकवायचं नाही' अशी ओळ असली तर घाबरू नका. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २७ तसली अट मानत नाही. मुदतीआधी सोडल्यास अमुक रक्कम भरा, ही ओळ मात्र नीट वाचून सही करा, ती अंगाशी येऊ शकते. माझं मत विचारलंत म्हणून सांगते, यंदा पुण्याला जाऊ नका. सर्टिफिकेट हातात आलं की हीच अकादमी किंवा दुसरी कुणी ३२ वर थांबणार नाही.

बी.पी.एड.बद्दल मी फार उत्साही नाही. दोन वर्षं जातात, भरती कधी निघेल सांगता येत नाही, आणि शाळेतल्या पीटीच्या शिक्षकाला कवायतीपासून खो-खोपर्यंत सगळं बघावं लागतं. तुमच्या हातातली कला तिथे आठवड्यातून एखादा तास वापरली जाईल. तरी करायचंच तर एक ध्यानात ठेवा: महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ सीमाभागातल्या गावांत पंधरा वर्षं वास्तव्य असल्याचा दाखला असेल तर महाराष्ट्र शासनाच्या अनेक भरतींना अर्ज करता येतो. आपलं गाव त्या यादीत आहे का ते पाहून दाखला काढून ठेवा. खेळाडूंच्या राखीव जागांच्या अटी वेगळ्या असतात, त्या यात धरू नका.

कर्नाटकच्या बाजूचं तितकंच महत्त्वाचं. तुम्ही लिहिलंय की कन्नड बोलता येतं पण वाचायला वेळ लागतो, म्हणून क्रीडा खात्याचं सगळं कमिटीचे सेक्रेटरी बघतात. इथेच तुमच्या हातातून गोष्टी निसटतात. युवा सबलीकरण आणि क्रीडा खात्याची परिपत्रकं, खेलो इंडियाच्या जिल्हा केंद्रांसाठी माजी खेळाडूंकडून मागवलेले अर्ज, हे तुमच्यापर्यंत पोचतं ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं तरच. तुमच्या बॅचमधल्या एखाद्या कन्नड शिक्षिका आईला सांगा, तीन महिने आठवड्यातून दोन तास. भाषेचा अभिमान आपल्या ठिकाणी असू दे, त्यासाठी तुम्ही अर्जाची तारीख चुकवावी असं मला पटत नाही. केंद्रीय विद्यालयं दरवर्षी कंत्राटी क्रीडा प्रशिक्षकांसाठी थेट मुलाखती ठेवतात, तिथे तर कन्नडचाही प्रश्न नाही. बेळगावात कॅम्प भागात विद्यालय आहेच.

इंग्रजी शाळेचे चार हजार हे महिन्याच्या आठ फेऱ्यांचे, म्हणजे फेरीला पाचशे. शाळेपर्यंत रिक्षाचे गेले की काय उरतं? पुढच्या जूनला फेरीला ८०० सांगा आणि सत्राचा लेखी करार मागा. शाळा नाही म्हणाली तर दुसरी शाळा म्हणेल. उपकरणं नाहीत ही सबब ऐकू येईल. लहान मुलांना स्पर्धेची सव्वा मीटर उंच बीम (तोल सांभाळत चालायची अरुंद पट्टी) लागतच नाही. जमिनीलगतची, दहा सेंटिमीटर रुंद, वरून फोम आणि रेक्झीन लावलेली बीम उद्यमबागेतला कुठलाही चांगला फॅब्रिकेटर करून देईल, आणि तुमच्या तर घरातच माणूस आहे. अशी एक स्वतःची बीम आणि चार मॅट असल्या की शाळेशी बोलताना तुमचा आवाज बदलतो.

आणखी एक, कारण तुम्ही शेवटच्या ओळीत उजव्या खांद्याचं ओझरतं लिहून पुढे गेलात. दिवसाला शंभर-दीडशे वेळा मुलांना सपोर्ट देणारा खांदा ४५ पर्यंत साथ देत नाही. निपाणी, चिकोडी, खानापूरकडे मल्लखांब, ज्युदो, कबड्डी शिकवणाऱ्यांनाही हेच सांगेन. वय वाढेल तसं हाताचं काम कमी आणि बघण्या-शिकवण्याचं जास्त व्हायला हवं, खरी बढती ती. तुमच्या जुन्या विद्यार्थिनींपैकी कॉलेजात असलेल्या दोघींना मदतनीस घ्या, त्यांना महिन्याला दोन-अडीच हजार द्यायला कमिटीला लावा. फुकट राबवू नका. आणि बँकेत जाऊन पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा, वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघात संरक्षण आहे. ते पुरेसं नाही, पण आज तुमच्याकडे तेवढंही नाही.

कमिटी सरळ नाही म्हणाली तर? तर सहा महिने थांबा, कोर्स करा आणि अनगोळ-वडगावकडे एखादं मंगल कार्यालय सकाळच्या वेळेला भाड्याने मिळतं का बघा. लग्नसराईचे दिवस सोडून ते रिकामंच असतं. चाळीस मुलं तुमच्या नावावर येतील. पण ते सरांना सांगून, आणि व्यायामशाळेच्या चालू मुलांना न फोडता. बेळगाव लहान आहे, गणपत गल्लीत रोज समोरासमोर यायचंय.

पुण्याला फोन मात्र आजच करा. महिनाअखेरची मुदत आहे म्हणता, तर १५ दिवस वाढवून मागा आणि वरचे चार प्रश्न त्यांना मेलवर पाठवा. लेखी उत्तर द्यायला ते कां-कूं करू लागले, तर त्यांच्यापुरता निर्णय तिथेच झाला म्हणून समजा.